नऊ इंचांपलीकडचा प्रश्न

‘कोयता गँग’ नावाची कोणतीही एक टोळी पुण्यात नाही. २०२२ च्या अखेरीपासून हातात कोयते घेऊन रस्त्यावर दहशत माजवणाऱ्या, गाड्या फोडणाऱ्या, दुकानदारांना धमकावणाऱ्या पोरांच्या अनेक टोळक्यांना वर्तमानपत्रांनी दिलेले ते सामाईक नाव आहे. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. १ सप्टेंबर २०२४ रोजी नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कोयत्याने वारही झाले. अशा प्रत्येक घटनेनंतर शहरात एकच मागणी ऐकू येते : कायदा कडक करा. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. धारदार हत्याराबाबतचा आपला कायदा पुरेसा कडक आहे. तो कळत मात्र नाही. पिशवीत चाकू ठेवून लक्ष्मी रस्त्याने चालता येते का, या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर सुशिक्षित पुणेकराला देता येणार नाही. तो चाकू नववीतल्या मुलाच्या दप्तरात सापडला तर काय करायचे, हे मुख्याध्यापकालाही सांगता येणार नाही. जो नियम लोकांना माहीतच नाही, त्याचा धाक पडण्याचा प्रश्न येत नाही. तो माहीत नसण्याचे कारण लोकांच्या आळसात नाही, नियमाच्या घडणीत आहे.

आधी शस्त्र अधिनियम, १९५९ पाहू. आक्रमणासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वा तशी रूपांतरित केलेली वस्तू म्हणजे शस्त्र, अशी त्याची व्याख्या आहे आणि धारदार हत्यारे तीत येतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू मात्र तिने वगळल्या आहेत. या कायद्याखालच्या नियमांच्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. तिथेही घरगुती, शेतकी, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची हत्यारे बाहेर ठेवली आहेत. शिवाय कलम ४ प्रमाणे बिगर-अग्निशस्त्रांना परवान्याचे बंधन लागते ते केंद्र सरकारने त्या भागासाठी अधिसूचना काढली असेल तरच. भंग झाला तर कलम २५ खाली किमान एक आणि कमाल तीन वर्षे कैद. पोलिसांच्या बोलण्यात आणि बातम्यांत ‘आर्म ॲक्ट ४ (२५)’ येतो तो हाच. म्हणजे या कायद्यापुढे मुख्य प्रश्न दोन : वस्तू कशासाठी घडवली, आणि तिचे माप किती. ती या क्षणी इथे का आणली, हा प्रश्न मागे राहतो.

ही रचना निष्काळजीपणातून आलेली नाही. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा अख्ख्या समाजाला निःशस्त्र करण्यासाठी होता आणि त्यातून युरोपियनांना मोकळीक होती. राष्ट्रीय सभेने त्याचा सुरुवातीपासून निषेध केला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घातला गेला. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ मध्ये साध्या हत्यारांवरचा फास म्हणूनच सैल केला. ते शहाणपणाचे होते. कोयत्यावाचून महाराष्ट्राचा एकही गळीत हंगाम पार पडत नाही. बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांची उचलसुद्धा ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, या हिशोबाने ठरते. नारळवाला, खाटीक, माळी यांचे पोट पात्यावर चालते. त्यांना परवान्यासाठी कचेरीच्या दारात उभे करणारा कायदा कुणालाच नको. पण याच सवलतीमुळे हडपसरच्या चौकात रात्री अकराला उपसलेला कोयता अडचणीचा ठरतो. वस्तू शेतीसाठी घडवलेली आहे, असा युक्तिवाद बचाव पक्षाला सहज करता येतो, आणि खटला माणूस काय करत होता यावरून पाते काय होते याकडे घसरतो.

ही फट बुजवण्यासाठी महाराष्ट्राकडे दुसरे साधन आहे : महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७. पोलीस आयुक्तांना आदेश काढून तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू नेण्यास बंदी घालता येते. इथे माप नाही, शेतकी वापराची सवलतही नाही. भंगाची शिक्षा कलम १३५ मध्ये आहे : एक वर्षापर्यंत कैद, आणि कारणे लेखी नोंदवल्याखेरीज चार महिन्यांहून कमी नाही. ताकद भरपूर आहे, पण तिचे स्वरूप तात्पुरते आहे. शस्त्रबंदीचा आदेश सहसा जमावबंदीला जोडून निघतो आणि जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चा, जयंती अशा निमित्ताने आदेश निघतो, संपतो, पुन्हा निघतो. आज तो लागू आहे की नाही हे कळायला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चौकट शोधावी लागते. शब्दशः वाचला तर स्वयंपाकाची सुरी धार लावून घरी नेणारी गृहिणीही त्यात सापडते. प्रत्यक्षात तिला कुणी अडवत नाही, हे पोलिसांचे तारतम्य झाले, नागरिकाची हमी नव्हे. एक कायदा इतका अरुंद की कोयता त्यातून निसटतो आणि दुसरा इतका रुंद की सगळेच त्यात येतात. या दोहोंच्या मध्ये नागरिकाला समजेल अशी रेषा कुठेच आखलेली नाही.

ती रेषा नसल्यामुळे उपाय भलत्याच टोकांना होतात. २०२३ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी विक्रेत्यांना कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवण्यास सांगितले. हेतू चांगला होता. पण घरातला जुना कोयता उचलून नेणाऱ्याला दुकानातली नोंदवही अडवत नाही, आणि खेड-मुळशीतून आलेल्या शेतकऱ्याची मात्र चौकशी होते. एप्रिल २०२२ मध्ये दिघी पोलिसांनी कुरिअरमधून चाललेल्या नव्वदहून अधिक तलवारी पकडल्या. पुरवठ्यावरची ती कारवाई योग्यच होती, कारण तिथे माल, संख्या आणि मार्ग तिन्ही संशय घेण्यासारखे होते. तलवारीने केक कापून त्याची रील टाकणाऱ्या ‘भाईं’वर गुन्हे नोंदवले जातात. मग आरोपींची त्यांच्याच वस्तीतून धिंड काढली जाते, त्याचीही रील होते आणि पोराला हवी असलेली प्रसिद्धी सरकारी खर्चाने मिळते. मोक्का (संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) आणि तडीपारी ही शस्त्रे संघटित टोळ्यांसाठी आणि सराईत गुन्हेगारांसाठी आहेत. पहिल्यांदाच कमरेला कोयता खोचून निघालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलासाठी ती नाहीत. त्याला लागू पडेल असा नियम लहान, कायमचा आणि आधीच माहीत असलेला हवा.

असा नियम कसा असू शकतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १३९ नुसार सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय धारदार वस्तू जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, घडी होणारा खिशातला चाकू वगळला आहे. कामासाठी, धार्मिक कारणासाठी, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून, ही कारणे कायद्यातच लिहिली आहेत. एवढ्यावर ब्रिटनमधली चाकूहल्ल्यांची समस्या संपली असे नाही, आणि कुठल्याही एका कलमाकडून ती अपेक्षाही धरू नये. पण नियम एका वाक्यात सांगता येतो, ही त्याची कमाई आहे. हे तत्त्व आपल्याला परकेही नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे शीख धर्माचरणाचा भाग मानले आहे. तिथे आपण पात्याचे माप पाहत नाही, धारण करण्याचे कारण पाहतो. शस्त्रे हा विषय संघसूचीत असल्याने शस्त्र अधिनियमाची व्याख्या महाराष्ट्राला बदलता येणार नाही. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय मात्र राज्याचे आहेत. कलम ३७ च्या शेजारी एक कायमची, मर्यादित तरतूद विधिमंडळाला घालता येईल : वस्ती, बाजार, वाहतुकीची साधने आणि शैक्षणिक आवारात योग्य कारणाशिवाय धारदार हत्यार बाळगू नये, शेती, व्यवसाय, स्वयंपाक, खरेदी-दुरुस्तीची ने-आण आणि धर्माचरण ही योग्य कारणे होत.

यावर पहिला आक्षेप गैरवापराचा येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ‘कारण सांग’ म्हणण्याचा अधिकार पोलिसाला दिला की झडती कोथरूडच्या सोसायटीपेक्षा जनता वसाहत, ताडीवाला रस्ता अशा गरीब वस्त्यांत जास्त होणार, हे उघड आहे. पण तुलना करायची ती आजच्या स्थितीशी. कोणतीही वस्तू, कोणतेही कारण न पाहता बंदीखाली आणणारा आदेश काढण्याचा अधिकार आज अस्तित्वात आहेच. कारणे लिहून ठेवली तर अधिकार वाढत नाही, त्याला कुंपण पडते. मजुराला बोट ठेवायला एक ओळ मिळते. मात्र ब्रिटनने कारण सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकले आहे, ते आपण जसेच्या तसे उचलू नये. पटण्याजोगे कारण सांगितले गेले की ते खोटे ठरवण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असावी, आणि झडतीची लेखी नोंद ज्याची झडती घेतली त्याला मिळावी.

दुसरा आक्षेप स्वसंरक्षणाचा आहे. जानेवारी २०१३ मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, मुंबईत शिवसेनेने महिलांना छोटे चाकू वाटले होते. सदाशिव पेठेतल्या हल्ल्यानंतर एखाद्या आईला मुलीच्या पर्समध्ये तसा चाकू असावा असे वाटले, तर तिला दोष देता येणार नाही. भारतीय न्याय संहितेने खासगी बचावाचा हक्क दिलेलाही आहे. परंतु तो हक्क समोर ठाकलेल्या धोक्याला उत्तर देण्याचा आहे. रोज हत्यार घेऊन फिरण्याचा तो परवाना नव्हे. टोळक्यातल्या पोरालाही ‘समोरच्या गटाकडे आहे म्हणून मी ठेवतो’ असेच वाटत असते. भीती खरी असली तरी ती योग्य कारण मानली, तर प्रत्येक खिशातले पाते कायदेशीर होते आणि प्रत्येक बाचाबाची जिवावर बेतू शकते. सदाशिव पेठेत त्या मुलीला वाचवले ते तिच्या पर्समधल्या हत्याराने नव्हे, मध्ये पडलेल्या रस्त्यावरच्या तरुणांनी.

शाळेत हा गोंधळ आणखी वाढतो. १६ ऑगस्ट २०२४ रोजी उदयपूरच्या सरकारी शाळेतल्या दहावीच्या विद्यार्थ्यावर वर्गमित्राने चाकूने वार केले. त्याच दिवशी शहरात दंगल उसळली आणि काही दिवसांत तो मुलगा दगावला. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या एका शाळेतला विद्यार्थी असाच प्राणाला मुकला. पुण्यातल्या शाळांनी या बातम्या दूरच्या मानू नयेत. ब्रिटनने १९९५ मध्ये लंडनच्या एका मुख्याध्यापकाचा शाळेच्या फाटकाशी खून झाल्यावर पुढच्याच वर्षी शाळेच्या आवारासाठी वेगळे कलम घातले. आपल्याकडे तशी स्वतंत्र तरतूद नाही. बदलापूरच्या शाळेतल्या घटनेनंतर राज्याने शाळांतल्या सुरक्षिततेचे जे आदेश काढले, त्यांचा रोख रास्तपणे लैंगिक अत्याचाराकडे होता. मग मुख्याध्यापकापुढे दोनच वाटा दिसतात : पालकांना बोलावून प्रकरण मिटवणे किंवा पोलिसांना फोन करणे.

फोन केला तर पुढे काय होते, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा किरकोळ वर्गात मोडतो. नुसते हत्यार बाळगणे त्यातच येते. अशा बाबतीत नियमांप्रमाणे मुलावर प्राथमिक माहिती अहवाल नोंदवला जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही तर कार्यवाही आपोआप बंद पडते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातात अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट ऐकल्यापासून पुणेकरांना या सगळ्या सौम्यतेचा राग आहे. तो राग समजण्यासारखा असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. अमेरिकेने १९९४ नंतर शाळांत ‘शून्य सहनशीलता’ आणली, आणि बंदुकीसाठीचा नियम हळूहळू किरकोळ वस्तूंपर्यंत पसरला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कृतिगटाच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा हाती लागला नाही. शाळेबाहेर काढलेला मुलगा चाकू सोडत नाही, शाळा सोडतो. आणि चौकातल्या टोळक्याला नेमका तोच हवा असतो.

म्हणून शाळेसाठी हवी ती पायऱ्यांची, लेखी आणि वर्षारंभी पालकांच्या सहीने मान्य झालेली पद्धत. कंपासपेटीतला कर्कटक, हस्तकलेचा कटर आणि लपवून आणलेला सुरा यांत फरक कसा करायचा, दप्तर कोणी आणि कोणासमोर तपासायचे, वस्तू कोणाच्या ताब्यात द्यायची, समुपदेशकाला केव्हा आणि बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला केव्हा बोलवायचे, हे तीत ठरलेले असावे. धमकी दिली किंवा हत्यार उगारले तर पोलीस त्याच दिवशी. भीतीपोटी किंवा फुशारकीपोटी आणले असेल तर आधी ते का आणले याचा शोध. कारणाचा जो प्रश्न रस्त्यावर विचारायचा तोच इथेही विचारायचा, फक्त त्याचे उत्तर ऐकणारी व्यक्ती वेगळी.

उरतो शेवटचा आणि सर्वांत जोरदार आक्षेप : बाल न्याय कायद्याच्या या सौम्यतेमुळेच टोळ्या अल्पवयीन मुलांच्या हाती कोयते देतात. ते खरे आहे, पण त्यासाठी अल्पवयीनतेची वयोमर्यादा खाली आणण्याची गरज नाही. मुलांना बेकायदा कामांसाठी वापरणाऱ्या प्रौढांना बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान तीन वर्षे सांगते. मूल पकडले गेल्यावर कोयता कोणी दिला हा तपास प्रत्येक वेळी देणाऱ्यापर्यंत गेला, तर हा हिशेब टोळीला परवडणार नाही. ग्लासगोत २००५ मध्ये पोलिसांनीच हिंसा-प्रतिबंध विभाग उभारला आणि चाकूहल्ल्यांकडे साथीच्या रोगासारखे पाहून शाळा, दवाखाने, रोजगार यांना एका धाग्यात ओवले. पुढच्या काळात तिथल्या खुनांची संख्या ठळकपणे घटली. त्यामागे इतरही कारणे असतील, पण मुलांना अधिक काळ डांबणे हा त्या कामाचा गाभा नव्हता. पुण्याकडे कलमे आहेत, आयुक्तालय आहे, बाल न्याय मंडळ आहे. नाही तो एका वाक्यात सांगता येणारा नियम. तो येत्या जूनमध्ये शाळेच्या फलकावर, रिक्षाच्या थांब्यावर आणि कोयते विकणाऱ्या दुकानावर लागला, तर त्यानंतर पकडल्या गेलेल्या कुणालाही ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही, आणि पकडणाऱ्यालाही ‘आज आदेश आहे का’ हे विचारावे लागणार नाही. शिक्षा वाढवण्याची चर्चा त्यानंतर करावी. त्याआधी ती केली, तर आपण फक्त आपला राग मोजत बसू.