शिकाऊ हातांची चूक आणि विमा

शिकणाऱ्याच्या हातून चूक व्हावयाचीच, असें आपण म्हणतों. आणि तें खरेंहि आहे. परंतु सुताराच्या हाताखालच्या मुलानें फळी वांकडी कापली तर फळी वायां जाते. शिकाऊ परिचारिकेचें औषध चुकलें तर माणूस प्राणास मुकतो. या दुसऱ्या चुकीचें देणें कोणीं द्यावें? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नास फार व्यावहारिक स्वरूप आलें आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनीनें व्यावसायिक हलगर्जीपणाबद्दलचा विमा स्वतःच्या नांवें उतरावा, कीं शाळेच्या विम्यावर विसंबावें, असा वाद तेथें चालतो. वरवर पाहतां वाद हप्त्याचा दिसतो. वस्तुतः तो जबाबदारीचा आहे.

स्वतंत्र विमा नको म्हणणाऱ्यांचा पक्ष दुर्बल नाहीं. चाकराच्या चुकीस धनी जबाबदार, हें इंग्रजी कायद्याचें जुनें तत्त्व अमेरिकेनेंहि स्वीकारलें आहे. मुलगी शिक्षिकेच्या देखरेखीखालीं काम करते, तिच्या श्रमाचा लाभ रुग्णालय घेतें, आणि शाळेच्या विम्याचें संरक्षण बहुधा तिलाहि असतें. मग फी भरतांना मेटाकुटीस आलेल्या विद्यार्थिनीवर आणखी एक ओझें कां? शिवाय जिच्यापाशीं कांहीं नाहीं तिच्यावर सहसा कोणी दावा लावीत नाहीं. विमा दिसला कीं वकिलांस वाट दिसते, असेंहि हे लोक म्हणतात.

तथापि दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. विद्यार्थिनी जें काम हातीं घेते तें तिनें पात्र परिचारिकेच्याच तोलाचें केलें पाहिजे, असें तेथील न्यायालयें सामान्यतः धरतात. हें कठोर वाटेल; पण खाटेवरील रुग्णाच्या बाजूनें पाहतां न्याय्यच आहे. शिकाऊ हात लागला म्हणून त्याच्या प्राणाचें मोल उणें होत नाहीं. शिवाय शाळेचा विमा बहुधा नेमून दिलेल्या कामापुरताच असतो, आणि तो मुख्यतः शाळेच्या रक्षणार्थ असतो. प्रसंग आला म्हणजे शाळा म्हणते, ‘आम्हीं शिकविलें होतें’; रुग्णालय म्हणतें, ‘तिनें विचारलें नाहीं’; आणि दोघांच्या मध्यें मुलगी एकटी उरते. अशा वेळीं केवळ तिचीच बाजू मांडणारा वकील असणें ही चैन नव्हे.

म्हणून विमा असावा, असें मला वाटतें. पण त्याची मर्यादाहि ओळखावी. २०१७ च्या डिसेंबरांत टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल येथें एका नोंदणीकृत परिचारिकेनें चित्त शांत करणाऱ्या औषधाऐवजीं स्नायू लुळे पाडणारें औषध टोंचलें, आणि वृद्ध रुग्ण स्त्री दगावली. त्या वेळीं शिकण्यासाठीं सोंपविलेली एक नवी परिचारिकाहि तिच्याबरोबर होती. आपली चूक तिनें तत्काळ सांगितली. तरीहि २०२२ सालीं ज्यूरीनें तिला फौजदारी गुन्ह्याखालीं दोषी ठरविलें. तुरुंगाऐवजीं तीन वर्षांची देखरेख, अशी सवलत मात्र मिळाली. विमा भरपाई देतो; तो शिक्षा भोगीत नाहीं, आणि मनाची टोंचणीहि वांटून घेत नाहीं.

अशा खटल्यांनीं खरें बोलणें महाग पडतें असें भय उत्पन्न होतें. विम्याच्या करारांतहि ‘जबाबदारी परस्पर कबूल करूं नये’ अशी अट पुष्कळदां असते. तिचा अर्थ विद्यार्थिनीनें ‘गप्प बसावें’ असा घेतला, तर विमा रुग्णाचा वैरी ठरेल. कारण चुकीचें औषध पोटांत किंवा रक्तांत गेल्यावर उपायास कधीं कधीं मिनिटांचाच अवधि असतो. भरपाईचा वाद वकिलानें पुढें खुशाल करावा. ‘माझ्या हातून हें औषध गेलें’ एवढें वाक्य मात्र त्याच क्षणीं निघालें पाहिजे. तें निर्भयपणें निघावें, याचसाठीं विमा. आणि हप्ता? ज्या शाळा व जीं रुग्णालयें तिच्या हातांचा उपयोग करून घेतात, त्यांनींच तो तिच्या नांवानें भरावा. खरें सांगण्याचें ओझें तिचें तिलाच उचलावें लागणार. तेवढें तिला पुरेसें आहे.