भाटघरचे पाणी आणि ऊर्जेची वर्गवारी

भोरजवळ वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले, तेव्हा त्यात अडवलेल्या पाण्याचा हिशेब नीरेच्या कालव्यांवर भिजणाऱ्या शेतीच्या नावे मांडला गेला होता. १६ मेगावॅटचे वीजगृह पायथ्याशी आले ते पुष्कळ नंतर, आणि शेतीसाठी सुटणारे तेच पाणी विजेच्या खात्यातही धरले जाऊ लागले. भौतिकशास्त्रातील ऊर्जेचे प्रकारही असेच, हिशेबाची गरज पडेल तसतसे, एकेक करून नोंदले गेले आहेत.

लायब्निझने १६८६ साली वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराला गतीचे खरे माप ठरवले, तरी वर फेकलेला दगड माथ्यावर क्षणभर थांबतो तेव्हा हे माप शून्यावर येते आणि दगड खाली येताना पुन्हा भरून निघते, ही अडचण उरलीच. रँकिनने १८५३ साली उंचीमुळे किंवा स्थितीमुळे साठून राहणाऱ्या या भागाला, म्हणजे आजच्या स्थितिज ऊर्जेला, स्वतंत्र नाव दिले. गतीच्या ऊर्जेला मात्र त्याने ‘प्रत्यक्ष’ ऊर्जा म्हटले, जणू उंचावरचे पाणी नुसते आश्वासनच होते. गतिज ऊर्जा हे नाव टॉमसन आणि टेट यांनी १८६२ च्या सुमारास रूढ केले, आणि दोन्ही खाती बरोबरीची झाली.

उष्णतेला या हिशेबात आणण्याचे श्रेय मुख्यतः मायर आणि जूल यांचे. नायगाराच्या १६० फुटी धबधब्याखालचे पाणी सुमारे एक पंचमांश अंश फॅरनहाइटने अधिक उष्ण असले पाहिजे, असे जूलने १८४५ साली मांडले. भाटघरचे एक किलो पाणी ४० मीटर मोकळे कोसळले, तर सुमारे ३९२ जूल ऊर्जा मोकळी होऊन ते जेमतेम ०.०९ अंश सेल्सिअसने तापेल. टर्बाइनमधून नेले, तर तिचा बराचसा भाग विजेच्या तारांत जाईल आणि पाणी जवळजवळ तसेच राहील.

मात्र पाण्याचे हे तापणे म्हणजे त्याच्या रेणूंच्या अस्ताव्यस्त हालचालीची आणि परस्पर ओढीची ऊर्जा वाढणे होय. तेव्हा शालेय पुस्तकांत गतिज, स्थितिज, उष्णता, ध्वनी, प्रकाश, रासायनिक अशी जी एकसलग यादी दिसते, तिच्यात काही नावे गतीवरून, काही पदार्थावरून, तर काही चक्क आपल्या इंद्रियांवरून पडलेली आहेत, हे मान्य करावे लागते. कार्ल्सरुहे येथील फाल्क आणि हेरमान यांनी तर १९८३ साली, प्रकार मोजण्याऐवजी ऊर्जा कशाबरोबर वाहते ते पाहावे, असा प्रस्ताव मांडला; तो शाळांत फारसा रुजला नसला, तरी त्याचे म्हणणे सहज खोडून काढता येणारे नाही. स्थितिज ऊर्जासुद्धा एकट्या पाण्याची नसते, ती पाणी आणि पृथ्वी या जोडीची असते.

प्रकार ठरल्याने ऊर्जा किती वेगाने खर्च होईल, हे मात्र कळत नाही. वेल्हे तालुक्यात आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले आणि पुण्यात हाहाकार उडाला. पुन्हा उभारलेल्या पानशेतच्या पायथ्याशी आज ८ मेगावॅटचे जनित्र आहे; त्याला मिळणारी ऊर्जाही स्थितिजच, पण ती किती वेळात मोकळी व्हावी हे दारे ठरवतात.