कळलं त्याची जबाबदारी

ऑगस्ट २०२३ मध्ये विनरारची ६.२३ आवृत्ती आली. आधीच्या आवृत्त्यांत मुद्दाम बिघडवलेली फाइल उघडली, की नेमून दिलेल्या जागेबाहेरच्या मेमरीला हात लागायचा आणि परक्याचा कोड चालू शकायचा. दुरुस्ती झाली, पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही.

दिवाळीत नंदुरबारला घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जुनीच आवृत्ती दिसली. त्याच कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं, सातबारे. रांग मोठी होती. मी प्रिंट घेऊन निघालो.

चूक कोड लिहिणाऱ्याची, मान्य. पण काकांना ती माहीत नव्हती, मला होती. ज्याला कळलं, त्याच्यावर थोडी जबाबदारी येतेच.

दुसऱ्या दिवशी जाऊन अपडेट करून दिलं. दहा मिनिटं लागली.

काका म्हणाले, "मग काल का नाही सांगितलंस?"