मिसरच्या वेशीवर



आज आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत आहोत. घरोघरी गोठे अजून तसेच सजलेले आहेत, नाताळचा फराळ संपलेला नाही. आणि शुभवर्तमान मात्र आपल्याला मध्यरात्री घराबाहेर काढते. हेरोद बाळाच्या जिवावर उठला आहे. योसेफ स्वप्नातून जागा होतो, मायलेकरांना उठवतो आणि मिसर देशाची वाट धरतो. वेशीवर त्यांना कोणी अडवले का, पैसे मागितले का, हे संत मत्तय सांगत नाही. एवढेच कळते की हेरोद मरेपर्यंत आपला तारणारा परक्यांच्या आश्रयाने जगला.

बाळ येशूबरोबर निदान आईबाप होते. ज्या लेकरांबरोबर तेही नसतात, त्यांचे काय?

१९३८-३९ साली हिटलरच्या छळातून सुमारे १०,००० मुले, बहुतेक ज्यू, आईबापांना मागे ठेवून ब्रिटनमध्ये आली. निकोलस विंटन या लंडनच्या तरुणाने आपल्या सहकाऱ्यांसह प्राग शहरातून ६६९ मुले बाहेर काढली. प्रत्येक मुलासाठी सांभाळणारे एक कुटुंब आणि ५० पौंडांची हमी उभी करावी लागे. म्हणजे लेकराच्या जिवाबरोबर पैशाचा हिशेब तेव्हाही होता. पण तो भरायला माणसे पुढे आली.

प्रागहून आलेल्या त्या मुलांत सहा वर्षांचा आल्फ डब्ज होता. पुढे तो ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहाचा सदस्य झाला. युरोपात एकट्या भटकणाऱ्या ३,००० निर्वासित मुलांना देशात घ्यावे, अशी सूचना त्याने २०१६ साली मांडली. त्या एप्रिलमध्ये कनिष्ठ सभागृहाने २९४ विरुद्ध २७६ मतांनी ती फेटाळली. नंतर कायद्यात कलम आले, पण आकडा गाळून. २०१७ मध्ये सरकारने आकडा ठरवला ३५०, आणि पुढे तो ४८० केला. ज्याला स्वतःला कोणीतरी दार उघडले होते, तो म्हातारपणी इतरांसाठी दार ठोठावत राहिला. अर्धवट उघडले, तरी ठोठावणे व्यर्थ गेले नाही.

दार उघडल्यावरही सारे संपत नाही. ब्रिटनमध्ये वाढलेल्या परदेशी मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करायला अनेक वर्षे १,०१२ पौंड शुल्क होते. सरकारला त्याचा खर्च येत होता सुमारे ३७२ पौंड. हे शुल्क ठरवताना मुलांचे हित पाहिलेच नाही, असे अपील न्यायालयाने २०२१ साली म्हटले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र एवढे शुल्क लावण्याची मुभा संसदेनेच दिली आहे, असा निर्णय दिला. त्याच वर्षी, ज्यांना परवडत नाही अशा मुलांना सूट मिळू लागली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आपण ध्यानात ठेवू या : कायद्यात बसते ते सगळेच न्यायात बसते असे नाही. हेरोदाच्या हातातही कायदा होताच.

जानेवारी २०२३ मध्ये तेथील सरकारने संसदेत कबूल केले की, हॉटेलांत ठेवलेल्या एकट्या निर्वासित मुलांपैकी २०० जणांचा पत्ता लागत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये डोव्हरच्या केंद्रात मुलांसाठी भिंतींवर काढलेली मिकी माऊससारखी चित्रे रंग फासून पुसण्यात आली. कारण असे की, ती फार स्वागताची वाटत होती. घाबरलेल्या लेकराला हसू येईल, याचीही भीती वाटावी?

आपल्या सीमा सांभाळण्याचा हक्क राज्याला आहे, हे ख्रिस्तसभा मान्य करते. येणाऱ्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, असेही ती शिकवते. पण सधन राष्ट्रांनी शक्य तितके दार उघडावे, ही तिची शिकवण त्याच्या आधी येते.

आता जरा घराकडे वळू. १९४३ ते १९४८ या काळात आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले, आणि बहुतेक आपल्यासारखेच कॅथलिक. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सांभाळलेली पोलिश मुलेही पुढे तेथे आली. त्यांतली कितीतरी अनाथ होती. त्या काळी आपला देश स्वतंत्र नव्हता, श्रीमंतही नव्हता. तरी परक्या लेकरांना आपल्या मातीत जागा मिळाली.

आज आपल्या मुलाबाळांना परदेशी पाठवताना आपण व्हिसाच्या शुल्काने हैराण होतो. ब्रिटनला शिकायला जाणाऱ्याला २०२४ पासून आरोग्याचाच अधिभार वर्षाला ७७६ पौंड पडतो. दागिने गहाण पडतात, पतपेढीचे कर्ज निघते, आणि आपण म्हणतो, ‘माणसाला इतके नाडावे का?’ तक्रार रास्त आहे. पण तीच आपण गावात कामाला आलेल्या मजुरांकडे पाहून काय म्हणतो? खोली देताना अनामत दुप्पट मागतो. वीटभट्टीवरचे पोर पाणी मागायला अंगणात आले, तर त्याला फाटकाबाहेर उभे करतो. परक्या देशाच्या वेशीवर आपल्याला जो न्याय हवा, तो आपल्या फाटकाशी आपण देतो का?

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करू या. आपल्या वाडीतल्या परगावच्या एका तरी मुलाचे नाव विचारून घेऊ या. शाळेत जाते का, पाहू या. जात नसेल तर त्याच्यासाठी शाळेची पायरी चढू या. त्याला ५० पौंडांची हमी लागत नाही, थोडा वेळ लागतो.

हे प्रभू येशू, तू स्वतः निर्वासित बाळ होतास. एकट्या पडलेल्या लेकरांचा सांभाळ कर, राज्यकर्त्यांना सद्बुद्धी दे, आणि आमच्या फाटकाशी तू उभा असशील तेव्हा तुला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.