उंची किती पुरे?

पावसाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या काळ्या मातीत गाडी रुतली की ती उंच करून घ्यावी, असं पहिल्यांदा मनात येतं. पण लिफ्ट किट नेमकं काय उचलतं? लांब स्प्रिंगांनी चासी आणि बॉडी वर जाते. थारसारख्या गाडीचा मागचा डिफरन्शियल मात्र होता तिथेच राहतो. तो उचलतात फक्त मोठे टायर. म्हणजे चिखलाला टेकणारा भाग किटने सुटत नाही. उलट गुरुत्वमध्य वर गेल्याने राजूर घाटाच्या वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. दिसणारी उंची म्हणजे सामर्थ्य नव्हे. गीतेचा सहावा अध्याय अति खाणं नाकारतो, तसा उपासही नाकारतो. साधन साध्याच्या मापाचं हवं, हा त्यातला विवेक इथेही लागू पडतो.

कुणी म्हणेल, अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या खडकाळ वाटेवर उंची लागतेच. खरं आहे, तिथे उंचीमुळे बंपर आणि पोट खडकाला घासत नाही. मग वाटेपुरतीच उंची घ्यावी, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिला जुळणारे असावेत. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: गाडी माझी, मर्जी माझी. पण रस्ता सर्वांचा आहे. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. ज्या हौसेची किंमत समोरून येणाऱ्याला मोजावी लागू शकते, ती केवळ खासगी उरत नाही. म्हणून किट नियमात बसतं का हे आधी पाहणं, आणि मग ते निवडताना किती इंच मिळतील यापेक्षा किती इंच लागतील, हे विचारणं हाच धर्म आहे.