सात वाजून सतरा मिनिटे

24 सप्टेंबर 2014, बुधवार. भाद्रपद अमावस्या, उद्या घटस्थापना. सकाळचे सात वाजून सतरा मिनिटे झाली आहेत. ही वेळ मनाशी धरा आणि तिथेच थांबा. पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. ते ठाऊक असणे थोडा वेळ बाजूला ठेवता येते का पाहा. अवघड जाईल, कारण निकाल कळल्यावर आधीची धाकधूक खोटी वाटू लागते.

बेंगळुरूला इस्रोच्या नियंत्रण कक्षात माणसे पडद्यांसमोर बसली आहेत. पंतप्रधान आले आहेत. दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण चालू आहे. आणि वीस कोटींहून जास्त किलोमीटर दूर, मंगळाजवळ पोचलेल्या मंगळयानाचे मुख्य इंजिन पेटायची वेळ झाली आहे.

आधी त्या इंजिनाकडे लक्ष द्या. त्याची ताकद 440 न्यूटन. पृथ्वीवर जेमतेम पंचेचाळीस किलो वजन तोलून धरील, एवढीच. 1 डिसेंबर 2013च्या मध्यरात्रीनंतर त्याने यानाला पृथ्वीच्या कक्षेतून मंगळाच्या वाटेवर ढकलले आणि ते गप्प बसले. त्याला आता जवळजवळ तीनशे दिवस झाले. इतके दिवस थंडीत पडून राहिलेल्या झडपा उघडतील का, दाहक इंधनाने आतल्या आत काही खाऊन टाकले नसेल ना, हे कुणी जाऊन बघू शकत नाही. 1993मध्ये नासाचे मार्स ऑब्झर्व्हर मंगळापाशी पोचायला तीन दिवस उरले असताना, इंधनटाक्यांत दाब भरण्याच्या वेळी कायमचे मुके झाले होते. इथे दोन दिवसांपूर्वी, 22 तारखेला, इंजिन चार सेकंदांपुरते पेटवून पाहिले आणि ते पेटले. चार सेकंद पेटले म्हणून चोवीस मिनिटे पेटेलच, असे मात्र कोण म्हणेल?

आता दिशेचा विचार करा. इंजिनाचे तोंड प्रवासाच्या दिशेला आहे. यानाला पुढे ढकलायचे नसून अडवायचे आहे. सेकंदाला सुमारे 1.1 किलोमीटर एवढा वेग कमी झाला तर मंगळाचे गुरुत्वाकर्षण त्याला धरून ठेवील. फारच कमी उतरला तर यान मंगळाला ओलांडून सूर्याभोवती भटकत निघून जाईल. जपानच्या आकात्सुकीचे शुक्रापाशी 2010च्या डिसेंबरात असेच झाले. ते पाच वर्षे सूर्याला फेऱ्या घालत राहिले, आणि मुख्य इंजिन निकामी झालेले असताना छोट्या इंजिनांच्या जोरावर 2015च्या डिसेंबरात अखेर कक्षेत शिरले. (त्या पाच वर्षांवर वेगळे मनन करता येईल. ते मला मंगळयानाहूनही अवघड वाटते.)

सात वाजून सतरा मिनिटांवर परत या. पाच मिनिटांपूर्वीच यान मंगळाच्या सावलीत शिरले आहे. सौर पट्ट्या काळोखात, सगळा भार बॅटरीवर. आणखी चार-पाच मिनिटांत ते पृथ्वीच्या दृष्टीने मंगळाच्या मागे जाईल आणि त्याचा आवाजही बंद होईल. इंजिन जळण्याचा बहुतेक काळ असा, उजेडाविना सुरू होणारा आणि कुणाच्या कानावर न पडणारा.

इथे सर्वांत जास्त वेळ थांबा. कक्षातल्या एखाद्या अभियंत्याच्या हातांकडे पाहा. ते रिकामे आहेत. पडदा आहे, कळफलक आहे, पण करण्यासारखे काही नाही. केव्हा वळायचे, केव्हा पेटायचे, किती वेग उतरला की विझायचे, या सगळ्या आज्ञा नऊ-दहा दिवस आधीच यानात भरून ठेवल्या आहेत. काही बिघडलेच तर काय करायचे हेही त्यालाच सांगून ठेवले आहे. बेंगळुरूहून निघालेला संदेश तिथे पोचायला साडेबारा मिनिटे लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षे या क्षणासाठी गणिते केली, तो या क्षणी तुमच्याआमच्यासारखाच बघ्या आहे. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते, त्यामुळे भीतीही जास्त वाटते, एवढाच काय तो फरक.

साडेसात वाजतात. इंजिन पेटल्याची खूण मिळते, टाळ्या पडतात. त्या टाळ्या ऐका, पण त्यांच्याबरोबर वाहून जाऊ नका. खूण निघाली सात-सतराला. ती वाटेत असताना यान मंगळाआड गेलेही. पूर्वी दूरच्या गावी मुलगी बाळंत झाल्याचे पत्र यायचे आणि घरात साखर वाटली जायची, तेव्हा बाळ चांगले आठवड्याचे झालेले असायचे. साखरेची गोडी त्यामुळे कमी व्हायची नाही. पण त्या मधल्या आठवड्यात घरच्यांनी काळजीने जे नवस बोलले, ते सारे होऊन गेलेल्या गोष्टीसाठी होते. कक्षातली शांतता तशीच आहे. जे व्हायचे ते तिकडे होऊन गेले आहे, आणि इकडे माणसे श्वास रोखून आहेत.

आठ वाजतात. यान मंगळाआडून बाहेर आले आहे. नासाच्या कॅनबेरा आणि गोल्डस्टोन इथल्या मोठ्या अँटेना त्याचा आवाज पकडतात. वेग हवा तेवढा उतरला आहे. लोक उठतात, मिठ्या मारतात.

त्या दिवसाचे एक छायाचित्र जगभर गेले. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बायका खळखळून हसताहेत, एकमेकींना टाळ्या देताहेत. या पाहा मंगळावर यान नेणाऱ्या शास्त्रज्ञ, असे सगळीकडे छापून आले. पुढे कळले की चित्रातल्या बायका इस्रोच्या प्रशासकीय विभागातल्या होत्या. मोहिमेवर महिला शास्त्रज्ञ होत्याच. रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ ही नावे नंतर घरोघरी पोचली. पण चित्र त्यांचे नव्हते. हे कळल्यावर अनेकांचा हिरमोड झाला.

तो हिरमोड स्वतःत शोधा. तुम्हालाही आत्ता, हे वाचताना, किंचित झाला का? मग विचारा, कशामुळे? बिले मंजूर करणारी, रजेचे अर्ज लावणारी बाई मंगळावर नाचली तर आपले काय बिघडते? मला तर ते चित्र खरे कळल्यावर जास्त आवडू लागले. त्या तेवीस-चोवीस मिनिटांत शास्त्रज्ञाच्या हाती काही नव्हते आणि हिशेबनिसाच्याही हाती काही नव्हते. घरी चहाचा कप थंड करत दूरदर्शनसमोर बसलेला आकाशवेडा पोरगाही त्याच रांगेतला. कामाचे श्रेय वाटता येते, वाटावेही. त्यात गफलत होऊ नये. सुटकेचा आनंद मात्र हजेरीपट पाहून येत नाही.

आता त्याच दिवसाच्या संध्याकाळी चला. अमावस्या, आकाशात चंद्र नाही. सूर्य मावळल्यावर नैर्ऋत्येला पाहा. वृश्चिकात, ज्येष्ठेच्या जवळ, तांबूस मंगळ आहे. दोघांचे रंग इतके सारखे की नवख्याची गफलत व्हावी. ज्या ग्रहापायी पत्रिका परत जातात, लग्ने अडतात, त्याच्याकडे आज निवांत पाहा. तो कालच्यासारखाच दिसतो. साडेचारशे कोटी रुपयांचे यान त्याच्याभोवती फिरत आहे हे डोळ्यांना कळायला मार्ग नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. त्या माहितीने ठिपका बदलतो का, की पाहणारा? उत्तर द्यायची घाई करू नका. ज्येष्ठा मावळेपर्यंत वेळ आहे.

यानाची कक्षा लांबट होती. मंगळापासून सर्वांत जवळ सुमारे 422 किलोमीटर, सर्वांत दूर जवळजवळ 77,000. एका फेरीला तीन दिवस. सहा महिन्यांसाठी बनवलेले ते यान 2022पर्यंत बोलत राहिले.

पण पेढे संपायच्या आतच नवे काम येऊन ठेपले होते. 19 ऑक्टोबरला सायडिंग स्प्रिंग हा धूमकेतू मंगळापासून अवघ्या 1 लाख 40 हजार किलोमीटरांवरून जाणार होता, आणि त्याच्या धुळीचा एखादा कणही यानाला भोक पाडायला पुरेसा होता. त्या वेळी यान मंगळाच्या आडोशाला असायला हवे होते. 7 ऑक्टोबरला पुन्हा आज्ञा गेल्या, पुन्हा इंजिने पेटली, आणि बेंगळुरूत पुन्हा वाट पाहणे सुरू झाले. या वेळी थेट प्रक्षेपण नव्हते.