दळण कधी गिरणीत द्यावं?

माहूर

चि. बाळ,

नवरात्राची गर्दी ओसरली, गड शांत झाला, म्हणून आज निवांत लिहितो. तू विचारलंस, लिस्प भाषेला मोठे पूर्णांक येतातच, मग मोठ्या संख्यांचं गणित करणारं जीएमपी हे सॉफ्टवेअर कशाला जोडायचं?

देवळालीच्या शाळेतले द. रा. कापरेकर मास्तर आठव. डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी ‘डेम्लो’ संख्यांचं नाव ठेवलं. त्यांच्यासारखाच, नुसत्या अकरा एकांनी लिहिलेल्या संख्येचा वर्ग कर: 123456790120987654321. हा आकडा 64 बिटांच्या एका घरात मावत नाही. लिस्प तो दोन घरांत मांडतं आणि बिनचूक उत्तर देतं. पण साध्या गुणाकारात अंक दुप्पट झाले की काम चौपट होतं. 1960 साली गणितज्ञ कारात्सुबांनी चार गुणाकारांचं काम तिनांत भागवलं. 1991 पासून वाढत आलेल्या जीएमपीत ती रीत आहे, आणि फार मोठ्या संख्यांसाठी तिच्याहूनही वेगवान रीती आहेत.

पण हा फायदा मोठ्या संख्यांनाच, म्हणून सगळंच जीएमपीकडे धाडू नकोस. मूठभर ज्वारीसाठी कुणी गिरणीच्या रांगेत उभं राहत नाही. पायलीभर झाली की डबा घेऊन निघायचं. एसबीसीएल या लिस्पची जीएमपी-जोडणीही लहान गुणाकार घरीच उरकते.

खरी कसोटी देण्याघेण्यात आहे. एसबीसीएलमध्ये उणेपण बिटांतच मुरलेलं असतं. जीएमपी आकडा नेहमी अधिक ठेवतं आणि उणे खूण घरांच्या मोजणीला लावतं. उणे एकचे 64 बिट सगळे 1 असतात. ते तसेच अधिक समजून वाचले, तर 18446744073709551615 होतात! पहिल्या जोडणीत मी हेच विसरलो आणि दोन रात्री चूक शोधत बसलो.

दुसरं, लिस्पचा गार्बेज कलेक्टर मेमरी आवरताना वस्तू इकडच्या तिकडे हलवतो. जीएमपीच्या हातात जुना पत्ता राहिला, तर ते भलत्याच जागी लिहील. काम संपेपर्यंत संख्या जागेवर खिळवून ठेव.

मग शून्य, उणे आणि 64 बिटांच्या उंबरठ्यावरच्या संख्या घेऊन दोन्हीकडची उत्तरं ताडून बघ. दुसऱ्याचं कसब वापरण्यात कमीपणा नाही, बाळा. पण दळण गिरणीत दिलं तरी डबा आपला असतो. परत आलेलं पीठ आपलंच आहे ना, हे बघणं आपल्याकडेच राहतं.

तुझा,
काका